ध्रुव नाचायचा

१२ ऑक्टोबर २००४, बॉन

पोचले. विमानात डोळा लागला नाही. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, मुलाकडे चाललात का. दोन्ही वेळा हो म्हटलं. खोटं कुठे आहे त्यात.

ध्रुव सुट्टीला इटलीत बोलोन्याला गेला होता. तिथे मेंदूतली शीर फुटली आणि तिथल्याच दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. तेहतिसावं वर्ष. फोनवर, फॅक्सवर आमची संमती घेऊन त्यांनी दहनही तिथेच केलं. आता अस्थी आईवडिलांपैकी कुणी समोर येऊन सही केल्याशिवाय देत नाहीत. यांना डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय, म्हणून मी आले. कन्याशाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला आणि देशाबाहेर पाऊल टाकलं ते यासाठी.

फ्रँकफर्टला ध्रुवचा रूममेट होल्गर घ्यायला आला होता. उंच, चाळिशीचा, केस विरळ झालेले. मी नमस्कार करायच्या आत हा गडी वाकला आणि भर गर्दीत माझ्या पाया पडला. म्हणाला, "आई, मी तुमचा वाट पाहतो होतो." मराठीत! ध्रुवनं शिकवलं म्हणे. सहा वर्षं एका घरात राहिल्यावर दोनचार शब्द येणारच, पण हा चांगलं बोलतो. फक्त लिंगं चुकतात, खुर्ची तो आणि चहा ती. बोलायची ढब मात्र थेट ध्रुवची. आगगाडीत मी काहीतरी सांगत होते तर म्हणाला, "काय सांगतेस!" अगदी तसंच, 'काय' वर जोर देऊन. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मध्येमध्ये तो "या, या" म्हणतो. आधी मला वाटलं मलाच बोलावतोय. त्यांच्यात ते हो या अर्थी आहे.

१३ ऑक्टोबर

घर छोटं पण नीटनेटकं आहे. खाली बेलवर दोघांची नावं एकाच पट्टीवर. एक मोठी झोपायची खोली आणि एक अभ्यासाची. मोठी खोली मला दिली. विचारलं, ही कुणाची? म्हणाला, ध्रुवचा. मग तू कुठे झोपतोस? त्यानं अभ्यासाच्या खोलीतल्या सोफ्याकडे हात केला. एवढ्या उंच माणसाचे पाय त्या सोफ्याच्या बाहेर येत असतील. पण भाडं ध्रुव जास्त देत असणार, म्हणून त्याला मोठी खोली. आमचा मुलगा कुणाला लुबाडणारा नव्हता, एवढं खरं.

सकाळी दार वाजवून आत आला आणि परवानगी मागून कपाटातून स्वतःचे शर्ट घेतले. इथल्या घरांत कपाटं फारच कमी.

पलंग दोघांचा आहे. उजवीकडची उशी ध्रुवची, कारण तिला अजून त्याच्या तेलाचा वास आहे. मी त्या बाजूला झोपले.

यांना फोन केला. पोचले म्हटल्यावर पहिला प्रश्न, "त्या माणसाच्या घरी उतरलीस?"

"मग कुठे उतरणार?"

"हॉटेलं नाहीत का त्या गावात?"

"अहो, तो एवढं करतोय. पाया पडला माझ्या."

मग म्हणाले, "अस्थी घे आणि ये. इकडेतिकडे करू नको." ध्रुव गेल्यापासून हे असेच तुटक बोलतात. दुःख बाहेर काढायची रीत असते एकेकाची.

१५ ऑक्टोबर

शुभा आणि राजाभाऊ म्हणून इथल्या मंडळातलं एक जोडपं आहे, पुण्याचं, त्यांनी जेवायला बोलावलं. राजाभाऊ सॉफ्टवेअरमध्ये. होल्गर मला दारापर्यंत सोडून परत गेला. मी म्हटलं, त्यालाही बोलवायचं होतं. शुभा म्हणाली, "काकू, म्हटलं तुम्हाला जरा मोकळं वाटावं." वरणभात, भरली वांगी. घास उतरत नव्हता, पण तिनं एवढं केलं होतं म्हणून जेवले.

त्यांची मुलगी अन्वी सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तरं जर्मनमध्ये देते. मी म्हटलं, होल्गर बिचारा फार गप्प असतो. तर ती घास चावत काहीतरी म्हणाली. त्यात होल्गरचं नाव होतं आणि 'मान' असा शब्द होता. शुभानं डोळे वटारले आणि तिला पाणी आणायला आत पिटाळलं.

"काय म्हणाली ग?"

"काही नाही हो. होल्गरला वाईट वाटतं, असं म्हणाली."

"आणि मान म्हणजे?"

शुभा राजाभाऊंकडे बघायला लागली. राजाभाऊ म्हणाले, "मान म्हणजे माणूस, काकू." खरंच आहे पोरीचं. घरातला माणूस गेला म्हटल्यावर वाईट वाटणारच.

निघताना शुभानं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ध्रुव फार सुखात होता इथे. एवढं लक्षात ठेवा." मला जरा रागच आला. सुखात होता तर वर्षातून एक फोटो पाठवायला काय झालं होतं? मी मुलींचे फोटो पाठवायचे, पत्रिका पाठवायचे. तो म्हणायचा, बघू ग. बघू बघू म्हणता वर्षं गेली.

१७ ऑक्टोबर, बोलोन्या

दिवसभर आगगाडी. म्युनिकला बदलली. ब्रेनरची खिंड लागली तेव्हा मला वर्ग आठवला, पहिल्या बाकावर बसून खिंड आणि घाट यातला फरक विचारणाऱ्या मुली. खाली उतरलं की पो नदीचं खोरं. सपाट, धुकट, चिनाराच्या झाडांच्या सरळ रांगा. फळ्यावर मी हा भाग हिरव्या खडूनं भरायचे. प्रत्यक्षात तो राखाडी आहे.

डब्यात आम्ही दोघंच होतो. मी होल्गरला विचारलं, "तुझं लग्न?"

"नाही झाला." मग थोड्या वेळानं म्हणाला, "करणार होतो आम्ही. ध्रुव म्हणायचा या वर्षी करू, मी म्हणायचा पुढच्या वर्षी. माझा चूक."

म्हणजे मुलगी होती आणि ध्रुवसुद्धा त्याच्या मागे लागला होता की कर म्हणून. स्वतः मात्र नाही केलं! मी विचारलं, "मग आता कुठे आहे ती?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "वारला."

"अरे देवा," मी म्हटलं. आणि सवयीनं, मेली मास्तरकीची सवय, तोंडातून निघून गेलं, "मुलगी असेल तर वारली म्हणायचं बाळा."

तो बघतच राहिला. मग हळू म्हणाला, "वारली."

नंतर तो बाहेर जाऊन बराच वेळ बोळकांडीत उभा होता. एका वर्षात दोन माणसं गेली त्याची. मी उगाच विचारलं.

१८ ऑक्टोबर

अस्थी मिळाल्या.

कचेरीतली बाई चांगली होती. होल्गर दुभाष्या म्हणून आत आला, तेव्हा तिनं विचारलं, हे कोण? तो म्हणाला, अमीको. मित्र. ती म्हणाली, मग बाहेर थांबा, इंग्रजी जाणणारा माणूस आहे आमच्याकडे. तो बाहेर जाऊन बाकावर बसला. काचेच्या दारातून मला दिसत होता. मी चार ठिकाणी सह्या केल्या. कलश लहान आहे, धातूचा, वर लाखेचं सील. कमंडलूएवढा. जन्मला तेव्हासुद्धा याहून मोठा होता.

बाहेर आल्यावर त्यानं दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं, वजन उचलू का विचारतोय. मी म्हटलं, राहू दे, जड नाही. त्यानं हात मागे घेतले.

मग आम्ही एका कमानीखाली बसलो. या गावात सगळ्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कमानी आणि सोपे आहेत, पावसात माणूस भिजत नाही. जुनं गाव, विटांचं, लाल. तिथे बसून होल्गरनं पहिल्यांदा त्या रात्रीचं सांगितलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. दोघं जेवून परत निघाले होते. ध्रुव म्हणाला डोकं दुखतंय, आणि खाली बसला. दवाखान्यात होल्गरला विचारलं, नातेवाईक आहात? तो खरं तेच म्हणाला, नाही. मग आत जाऊ दिलं नाही. तो दाराबाहेर बसून राहिला. पहाटे डॉक्टर आले आणि त्याच्या समोरून फोनकडे गेले. त्यांनी भारतात फोन लावला.

"तुमच्या मिस्टरांना माझ्या आधी कळलं, आई," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. दारात. पण त्यांना आधी कळलं."

मी म्हटलं, नियम असतात. म्हणायला काहीतरी पाहिजे होतं.

१८, रात्री

झोप नाही, म्हणून लिहिते. पण नीट लिहिता येईल का माहीत नाही.

संध्याकाळी होल्गर म्हणाला, इथे आमचे मित्र आहेत, दर सप्टेंबरात आम्ही येतो, ते ध्रुवसाठी जमले आहेत, याल का? मी म्हटलं येते. मला वाटलं घर असेल, फोटोला हार घालतील. जुन्या बाजाराच्या मागे एका बोळात दगडी पायऱ्या उतरून तळघरात गेलो. तो बार होता. मी आयुष्यात बारमध्ये पाय टाकलेला नाही. परत फिरावं म्हणेपर्यंत एक साठीचे गृहस्थ पुढे आले, गळ्यात रेशमी रुमाल, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मोठ्यानं म्हणाले, "ला मम्मा दी ध्रूव!" सगळे वळले. सगळे पुरुष. बायका दोनच, त्याही केस बारीक कापलेल्या, एकमेकींना बिलगून उभ्या.

मला खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं. एकेक जण येऊन खाली बसायचा, माझा हात कपाळाला लावायचा, इटालियनमध्ये बोलायचा आणि रडायचा. दाढीवाले, तगडे गडी. आमच्याकडे यांच्या बाजूच्या माणसांपैकी कुणी असं रडलं नाही. म्हटलं, किती माया लावली होती माझ्या पोरानं इथे. दोघं दोघं हातात हात घालून उभे होते. आपल्याकडे गावात जत्रेला मित्र असे हिंडतात, मला त्यात काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही.

बारच्या फळीवर ध्रुवचा फोटो ठेवला होता, मोठा केलेला. पिवळा शर्ट, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, घामानं केस कपाळाला चिकटलेले. नाचतोय. माझा ध्रुव! गणपतीच्या मिरवणुकीत हा कडेकडेनं चालायचा, ढोलाजवळ गेला नाही कधी. मुंजीत गाणं म्हण म्हटलं तर माझ्या पदरात तोंड लपवलं होतं यानं. मी त्या रुमालवाल्यांना इंग्रजीत विचारलं, हा नाचायचा? ते म्हणाले, "ऑलवेज. ही वॉज द फर्स्ट वन."

मग दिवे कमी केले आणि एक गाणं लावलं. होल्गर म्हणाला, त्याचा गाणं. सगळे नाचायला लागले. हा भिंतीशी उभा. मला सहन होईना. म्हटलं, "जा रे, नाच. त्याच्यासाठी नाच." तो नुसता 'या, या' म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. मग मी त्याला पाठीत हलकेच ढकललं.

तो मध्ये गेला. लोकांनी जागा करून दिली. त्यानं डावा हात वर धरला आणि उजवा पुढे, कमरेच्या उंचीवर, वाकडा, जसा कुणाच्या तरी कमरेवर असावा तसा. डोळे मिटले. आणि हळूहळू फिरायला लागला. त्या दोन हातांच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढीच ध्रुवची अंगलट. उंचीसुद्धा. मी शिवलेत त्याचे सदरे, मला माप माहीत आहे.

गाणं संपेपर्यंत मी सरबताच्या पेल्याकडे बघत होते. इतकंच. पुढे लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर

होल्गर न्याहारीच्या टेबलावर म्हणाला, "आई, एक विचारू?"

मला कळलं होतं काय ते. म्हटलं, विचार.

"थोडा मला द्या. अर्धा नको. थोडा." आणि त्यानं चिमूट करून दाखवली.

म्हटलं, यांना विचारते. हॉटेलातून कराडला फोन लावला.

"एक कणही नाही," हे म्हणाले. मी अजून कारणसुद्धा सांगितलं नव्हतं.

"का?"

"मला माहीत आहे तो कोण आहे."

"कोण आहे?"

मग म्हणाले, "दोन वर्षांमागे दिवाळीला आला होता, तेव्हा बोललाय तो माझ्याशी. तुझ्या कानावर नको म्हणून मीच गप्प बसवलं. आता पुरे."

त्या दिवाळीला ध्रुव भाऊबीजेपर्यंत न थांबताच गेला होता. मी डब्यात चिरोटे भरून दिले होते, तो फलाटावर डबा छातीशी धरून उभा होता. मी म्हटलं होतं, कामाचं एवढं काय रे अडलंय.

खाली आले. होल्गर तिथेच बसून होता, समोरची कॉफी तशीच.

मी म्हटलं, "सील आहे रे. विमानतळावर तपासतात. फोडलेलं चालणार नाही."

"या," तो म्हणाला. "गेनाऊ. बरोबर. सील आहे." दोनतीनदा मान हलवली. जर्मन माणसाला नियम पटतो. पण त्याला तो पटला नव्हता, आणि मी सीलसाठी नाही म्हणत नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. लाखेचं सील ते. घरात मी शंभरदा बरण्यांचं मेण काढून पुन्हा लावलंय.

२२ ऑक्टोबर, फ्रँकफर्ट विमानतळ

परतीच्या प्रवासात फारसं बोलणं झालं नाही. बॉनला मी सोफ्यावर झोपते म्हटलं. तो नाही म्हणाला.

निघताना कपाट उघडून त्यानं विचारलं, ध्रुवचे कपडे नेणार का? मी म्हटलं, तुला काय हवं ते ठेव. तो पिवळा शर्ट तेवढा मागावा असं मनात आलं. मागितला नाही. काय म्हणून मागू? कराडला कुठे ठेवू?

इथवर कलश त्यानं उचलून आणला. तपासणीच्या दाराशी तिकीट असलेल्यालाच आत सोडतात. तो थांबला. कलश माझ्या हातात देताना त्यानं तो सोडला नाही लगेच. मागे लोक खोळंबले. शिपाई काहीतरी म्हणाला. मग सोडला.

म्हणाला, "पोचल्यावर फोन करा." वाक्य अगदी शुद्ध.

मी त्याला काहीतरी हाक मारायला हवी होती. जावई म्हणतात, मुलगा म्हणतात, काय म्हणतात? मला एक शब्द सुचला नाही. साठ वर्षं मराठी बोलतेय.

२६ ऑक्टोबर, कराड

संगमावर विसर्जन झालं. कृष्णेला पाणी बरं होतं. हे मंत्र नीट म्हणत होते. सील गुरुजींनी सुपारी कातरायच्या अडकित्त्यानं काढलं. एका फटक्यात निघालं.

फोन केला नाही. हे फोनच्या खुर्चीतच बसलेले असतात.

९ नोव्हेंबर

दुपारी विचारलं, "तो काय बोलला होता तुमच्याशी? शब्द सांगा मला त्याचे."

"कशाला आता?"

"माझा होता तो."

मग म्हणाले, "म्हणाला, बाबा, माझं लग्न झाल्यासारखंच आहे."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, तुझी आई मरेल."

मी जिवंत आहे. रोज उठते, चहा करते.

दिवाळी नाही यंदा.

३ जानेवारी २००५

हे पेन्शनच्या कामाला बँकेत गेले तेव्हा बॉनला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कामावर असेल. पुन्हा तशी संधी आली नाही. खरं तर आली, दोनदा. मी लावला नाही. उचलला असता तर काय बोलणार होते?

१४ मार्च २००५

ध्रुवचा वाढदिवस.

सकाळपासून हे अस्वस्थ. देवाला साखर ठेवली, मग माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "कर त्याला फोन." मी ऐकलं ते खरं वाटेना. "कर, मी आहे इथे. काय म्हणतो बघू."

मी नंबर फिरवला. लगेच उचलला गेला, आणि बाईचा आवाज आला. जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मला वाटलं चुकला नंबर. मी खाली ठेवणार तोच यांनी रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. ऐकता ऐकता यांचा चेहरा बदलला. किती महिन्यांनी मी यांना असं पाहिलं.

"बाई आहे," हे म्हणाले. रिसीव्हरवर हात ठेवून, हळू. "घरात बाई आहे त्याच्या. लग्न केलं बघ त्यानं. म्हणजे सगळं तसं नव्हतंच. पोरं परक्या देशात एकटी असतात, काहीतरी डोक्यात घेतात. वय झालं की येतात ताळ्यावर. आपलाही आला असता."

मी रिसीव्हर घेतला. बाई बोलतच होती. तेच वाक्य. तोच सूर, तीच जागा जिथे ती श्वास घेते. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात 'नुमर' असा एक शब्द होता, म्हणजे नंबर, तेवढा मला कळला. तीनदा ऐकलं, मग खाली ठेवला.

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं यांच्या.

"बाईच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "बाईच आहे."

आज हे पोटभर जेवले. दोन पोळ्या जास्त मागितल्या. मी वाढल्या.